उपकेंद्रातून शोधनिबंध उघडताना

माहितीपत्रकात ‘ग्रंथालय : मुद्रित व ई-साहित्य’ अशी एकच ओळ असते. विद्यापीठाच्या उपकेंद्रात प्रवेश घेतल्यावर कळलं, की मुद्रित म्हणजे एका वर्गखोलीत मावतील एवढी कपाटं आणि ई-साहित्य म्हणजे मुख्य परिसराच्या संकेतस्थळाची लिंक. पहिली दोन सत्रं तेवढ्यावर निभावली. क्रमिक पुस्तकं होती, बसायला जागा हमखास मिळायची. मुख्य परिसरातल्या मैत्रिणींना परीक्षेच्या दिवसांत खुर्ची धरायला पहाटे उठावं लागायचं, ती कटकट आम्हाला नव्हती.

अडलं ते प्रबंधिकेला लागल्यावर. कुठलाही शोधनिबंध उघडला की सारांश दिसायचा आणि खाली ‘लेख विकत घ्या’. तोच लेख मुख्य परिसरातल्या मैत्रिणीकडे लगेच उघडायचा. ती पीडीएफ पाठवायची, पण एका संदर्भातून दुसरा, त्यातून तिसरा असं वाचत जायचं तर दर वेळी तिच्या मागे किती लागणार?

कार्यालय म्हणालं, ग्रंथालयाला विचारा. ग्रंथालयाने कळवलं, आमच्याकडे सगळं सुरळीत आहे. आणि त्यांच्याकडे ते खरोखरच सुरळीत होतं. संगणक विभागाने ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितली. त्याने काही होणार नाही हे दिसत होतं, तरी केली. नाहीतर पुढच्या मेलला तेच उत्तर आलं असतं.

उलगडा केला आमच्या संगणक प्रयोगशाळेतल्या दादांनी. बरेचसे प्रकाशक वाचकाला नावाने ओळखतच नाहीत, आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकाने ओळखतात. वर्गणी भरताना विद्यापीठ आपल्या नेटवर्कचे पत्ते कळवतं आणि त्या यादीतल्या पत्त्यावरून विनंती आली तरच पूर्ण लेख उघडतो. आमच्या उपकेंद्राचं इंटरनेट वेगळ्या कंपनीकडून घेतलेलं, म्हणजे प्रकाशकाच्या लेखी आम्ही विद्यापीठाबाहेरचे. मी लगेच माझ्या संगणकाचा पत्ता टिपून घेतला, १९२.१६८ ने सुरू होणारा. दादा हसले. “अगं, हा आतल्या आत वापरायचा. असे पत्ते घरोघरी असतात. बाहेर दिसतो तो सार्वजनिक पत्ता वेगळा.” तो काढला, तर राउटर बंद-चालू केल्यावर बदलणारा निघाला. तेव्हा आधी उपकेंद्राला कायमचा, न बदलणारा पत्ता घ्यावा लागला. त्या अर्जावर संचालक सरांची सही मात्र त्याच दुपारी मिळाली. त्यांची केबिन आमच्या वर्गाला लागूनच आहे, मधे कुठली खिडकी नाही की टोकन नाही.

नंतरचा मेल मी नेमका लिहिला: प्रकाशकाचं नाव, लेखाची लिंक, वेळ, स्क्रीनशॉट आणि नवा सार्वजनिक पत्ता. मुख्य ग्रंथालयातल्या मॅडमचा या वेळी फोनच आला. पत्ता कळवणं सोपं आहे, म्हणाल्या, पण आधी करार बघावे लागतील. काही करारांत वेगळ्या गावातला परिसर ही वेगळी जागा धरतात आणि तिची वर्गणी वेगळी लागते. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोण सांगतं?

बरेच प्रकाशक सुरू झाले, काही राहिले. हॉस्टेलवरून वाचायला मॅडमनी प्रॉक्सीचं लॉगिन चालू करून दिलं. आमच्याकडे त्यासाठी ईझीप्रॉक्सी आहे. ख्रिस झेगर नावाच्या एका ग्रंथपालाने ते १९९९ मध्ये तयार केलं. तुम्ही कुठेही बसा, विनंती विद्यापीठाच्या पत्त्यावरून गेल्यासारखी जाते. गंमत म्हणजे ही सोय आधीपासून होती. फक्त उपकेंद्राच्या विद्यार्थ्यांची यादी त्यात कुणी चढवलीच नव्हती.

जे करारात बसले नाहीत, त्यांच्यासाठी अनपेवॉल वापरते. ब्राउझरला जोडायचं हे साधन लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने अधिकृतपणे खुली ठेवलेली प्रत असली तर दाखवतं. मात्र ती प्रत पुष्कळदा छपाईपूर्वीची असते, पानांचे आकडे जुळत नाहीत, त्यामुळे अवतरण देताना जपावं लागतं. छापील पुस्तकं आता दोन्ही परिसरांमध्ये टपाल घेऊन फिरणाऱ्या गाडीतून येतात. मागणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत नोंदवायची आणि पिशवीवर विभागाचं नाव ठळक लिहायला सांगायचं, नाहीतर पुस्तक परीक्षा विभागात जाऊन बसतं.