एक सिलिंडर, तीन टाक्या

पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या तीन टाक्यांना, वनस्पतींच्या वाढीसाठी, एकाच सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड द्यायचे ठरवले, तेव्हा सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरवरच्या एकुलत्या एका नीडल व्हॉल्व्हपुढे (प्रवाह बारकाईने कमी-जास्त करणाऱ्या झडपेपुढे) मी दोन टी-जोड बसवले आणि काम झाले असे समजलो. लहान टाकीच्या बबल काउंटरमध्ये (जाणारा वायू बुडबुड्यांनी मोजायच्या पाणी भरलेल्या कुपीत) बुडबुड्यांची अखंड माळ लागली, मधल्या टाकीत बऱ्याच वेळाने एखादा बुडबुडा सुटत होता आणि मोठ्या टाकीला वायू मिळालाच नाही. व्हॉल्व्ह आणखी उघडला, तर लहान टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. तो त्वरित बंद करावा लागला.

दोष टी-जोडांचा नव्हता. एका व्हॉल्व्हमागून तीन वाटा फुटल्या, की नळ्यांमधला दाब सर्वांत कमी अडथळ्याची वाट उघडेपर्यंतच चढतो आणि मग तिथेच थांबतो. पाण्याच्या खोलीत 10 सेंटिमीटरचा फरक असला तरी दाबात जेमतेम 0.01 बारचा फरक पडतो; वायू पाण्यात सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या बारीक छिद्रांच्या चकतीला मात्र कधीकधी एक बारहून अधिक दाब लागतो. म्हणजे कोणत्या टाकीला किती वायू मिळावा हे मी नव्हे, तर कोणती चकती स्वच्छ आहे आणि कोणती शेवाळली आहे, यावर ठरत होते.

आता रेग्युलेटरला मॅनिफोल्ड, म्हणजे एका वाटेच्या अनेक वाटा करणारा जोड, लावलेला असून प्रत्येक टाकीला स्वतंत्र नीडल व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्हांच्या अलीकडे सुमारे दोन बारचा दाब रेग्युलेटर स्थिर राखतो, त्यामुळे एक व्हॉल्व्ह फिरवला तरी शेजारच्या टाकीला त्याची फारशी जाणीव होत नाही. प्रत्येक नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवाच, कारण वायू बंद झाल्यावर टाकीतले पाणी नळीत चढते आणि ते मॅनिफोल्डपर्यंत पोहोचले तर नाजूक व्हॉल्व्ह खराब होतात. सोलेनॉइड, म्हणजे दिव्यांबरोबर वायू चालू-बंद करणारी विजेवरची झडप, मी एकच ठेवला आहे. तिन्ही टाक्यांचे दिवे एकाच वेळी लागत असल्याने ते चालते. दिव्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतील, तर प्रत्येक वाटेला वेगळा सोलेनॉइड लागेल.

एका टाकीचे बुडबुडे मोजून तोच आकडा दुसरीला लावण्याचा मोह मलाही झाला होता. पण प्रत्येक काउंटरमधला बुडबुडा सारख्या आकाराचा नसतो, आणि टाकीचे आकारमान व पृष्ठभागावरची हालचालही वेगळी असते. त्यामुळे तिन्ही टाक्यांत ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणाऱ्या छोट्या कुप्या, लावले आहेत: आत 4 अंश कार्बोनेट काठिण्याचे पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग बदलणारा दर्शक. हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हा रंग तास-दोन तास मागेच असतो, म्हणून एका दिवशी मी एकाच टाकीचा व्हॉल्व्ह हलवतो, तोही अगदी किंचित.

एकाच स्रोताचा खरा धोका सिलिंडर संपताना असतो. आत द्रवरूप वायू असेतोवर 20 अंश सेल्सिअसला दाबमापक सुमारे 57 बारच दाखवतो, मग सिलिंडर भरलेला असो वा निम्मा. उरलेला साठा कळतो तो वजनावरून. द्रव संपला की सुई घसरू लागते, आणि एक-टप्पी (दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये नेमका तेव्हाच पुढचा दाब वाढतो, तोही तिन्ही टाक्यांसाठी एकदमच. माझा रेग्युलेटर एक-टप्पीच असल्यामुळे सुई घसरायला लागली की उरलेल्या वायूचा लोभ न धरता मी सिलिंडर बदलतो.