लाकडी ऑफिसातली ओल: माझा अनुभव

घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडाचं छोटं ऑफिस बांधायचं ठरवलं तेव्हा ओल हा विषय घरात कुणी काढलासुद्धा नव्हता. आम्ही लातूर जिल्ह्यातले, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, अशा भागात ओल कुठून येणार, असंच सगळ्यांना वाटायचं. लाकूडच का, तर आईमुळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचं गावाकडचं माळवद पडलं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर. आई वाचली पण जड छताखाली बसायची तिची भीती काही गेली नाही, आणि दुपारी ती माझ्याजवळच येऊन बसते, म्हणून म्हणलं हलकंच काहीतरी करू.

२०२५ च्या एप्रिलमध्ये काम झालं. १० बाय १२ ची खोली, पाइनच्या फळ्या, वर पत्रा, आतून प्लाय, आणि खाली काळ्या मातीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवून त्यावर लाकडी फ्रेम. साप-विंचू आत जाऊ नयेत आणि दिसायलाही बरं म्हणून खालची फट चारी बाजूनं विटांनी बंद करून घेतली. ही चूक होती, पण ते कळायला जुलै उजाडला.

जूनच्या शेवटी वास यायला लागला. बंद पेटीतल्या जुन्या गोधडीला येतो तसा. मग दार फुगलं, खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडेना. जुलैत एक दिवस कपाट पुढं ओढलं तर मागं पांढरी-हिरवी बुरशी, फायलींच्या कडांवर पण. खरं सांगतो, पोटात गोळाच आला, वर्षभर पैसे साठवून बांधलेली खोली. सकाळी टेबलावर पाण्याचे थेंब पडलेले असायचे, म्हणून पत्रा गळतोय असं धरून पत्रेवाल्याला बोलावलं, त्यानं एकूण एक स्क्रूला सिलिकॉन मारलं, तरी थेंब चालूच. पेंटर म्हणला आतून-बाहेरून ऑइल पेंट मारा, पाणी शिरायलाच नको. मारला. १५ दिवसांत रंगाला फोड आले, कारण ओलं लाकूड दोन्हीकडून बंद करून टाकलं होतं, आतलं पाणी जाणार कुठं? कुणी काहीही सांगो, लाकूड वाळल्याशिवाय त्याला रंग लावू नका.

मग आमच्या गल्लीतले सुतारमामा आले. त्यांनी वर पाहिलंच नाही, आधी विचारलं, "पाऊस नसला तरी थेंब पडतेत का?" मी आठवून बघितलं तर हो, दोन दिवस उघडीप होती तेव्हाही पडले होते. म्हणजे गळती नाही. पत्रा पहाटे गार होतो आणि खोलीतली दमट हवा त्याला लागून पाणी होते, ताकाच्या थंड ग्लासावर बाहेरून थेंब येतात तसं. आता एवढी दमट हवा खोलीत आली कुठून? माझा कूलर! मे महिन्यात लावलेला कूलर मी जुलैतही खिडक्या बंद करून चालवत होतो. कूलर म्हणजे पाण्यातून हवा ओढून खोलीत सोडणारं यंत्र, रोज कित्येक लिटर पाणी मीच आत सोडत होतो. कोरड्या उन्हाळ्यात, समोरची खिडकी उघडी असली की तो चांगला, पावसाळ्यात लाकडाच्या बंद खोलीत अजिबात नाही.

तरी एक शंका राहिली की नुसता कूलर एवढं करेल का. मामांनी फरशीच्या प्लायवर हातभर प्लास्टिक चारी बाजूनं टेपनं चिकटवायला लावलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब. हे थेंब वरच्या बाजूला असते तर हवेतली ओल, खाली म्हणजे जमिनीतून वर यायली. काळी माती पाणी धरून ठेवते आणि विटांमुळं खालून वारं बंद, तर वाफ सरळ प्लायमध्येच शिरायली. ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर मागवलं, तळाच्या फळीला २४ टक्के दाखवलं. लाकूड २० च्या वर राहिलं की बुरशी आणि कूज धरते.

ऑगस्टमध्ये एकेक काम काढलं. विटा फोडून तिथं बारीक जाळी बसवली, म्हणजे साप पण नाही आणि वारं पण खेळतं. खाली सरपटत जाऊन मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, भोवती मुरूम टाकून उतार काढला आणि पन्हळ लावून पाणी पार कंपाउंडपर्यंत नेलं. पत्र्याखालचा प्लाय काढून मध्ये फॉइलचं इन्सुलेशन घातलं. दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर एकेक झरोका पाडला तेव्हा आई म्हणाली, "माळवदाला सानं असायचं ते कशाला होतं मग?" छताला ठेवलेलं ते भोक आम्हाला उजेडासाठी वाटायचं, पण चुलीचा धूर, माणसांची वाफ, सगळं तिथूनच वर जायचं.

बुरशी कोरड्या ब्रशनं घासू नका, तिची भुकटी उडून छातीत जाते. मी मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसली, पंखा लावून वाळवली, मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारलं, ते वाळवीलाही चालतं. बाहेरून रंग खरवडून काढायला चार रविवार गेले.

मग सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहीतच आहे, मांजरा, तेरणा दोन्हींना पूर, भावाचं सोयाबीन उभं पाण्यात गेलं, तेव्हा माझ्या खोलीचं कौतुक करावं असे ते दिवसच नव्हते. पण रात्री टॉर्च घेऊन खाली वाकून बघायचो, प्लास्टिकची वरची बाजू कोरडी होती. नोव्हेंबरात मीटरनं १४ दाखवलं आणि दार एका बोटानं उघडलं. मागच्या कोपऱ्यातली सगळ्यात खालची एक फळी मात्र नखानं दाबली की दबते, ती गेलीच. उन्हाळ्यात लाकूड पूर्ण वाळलं की मामा ती बदलून देणार आहेत.