पावशा काय म्हणतो

११ जून, रात्री साडेनऊ

मृग लागून चार दिवस झाले. रोज संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, ओट्यावर चार टपोरे थेंब पडतात आणि सगळं सातपुड्याकडे निघून जातं. वखरपाळी झाली आहे, काडीकचरा वेचून झाला आहे, तिफण खळ्यातल्या गोठ्यात उभी आहे. वावर वाट पाहतंय आणि आम्हीही.

सकाळी माय ओट्यावर बसली होती. चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, "पावशा बोलला कारे बाप्पा?"

मी दचकलो. माय ८४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी कान तपासले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात आणि जाड आवाज मागे राहतात. म्हणून तिला ट्रॅक्टर ऐकू येतो, नातीचं बोलणं येत नाही. पावशाची तान तर चांगलीच उंच असते. तरीही गेली चार वर्षं दर मृगाला माय एका सकाळी आपणहून सांगायची, "आज बोलला." आम्ही कुणी खोडून काढत नव्हतो. यंदा पहिल्यांदाच तिनं विचारलं.

"बोलला," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. पहाटे चारला विहिरीपलीकडच्या कडुनिंबावरून तो अर्धा तास सलग ओरडत होता.

"काय म्हनला?"

"पेरते व्हा."

तिनं मान हलवली आणि बशी तोंडाला लावली. तेव्हापासून दिवसभर तोच प्रश्न माझ्या डोक्यात आहे. काय म्हणाला?

पावशा तसा कुणालाच काही सांगत नसतो. तो नर असतो, मादीला बोलावत असतो. दिसायला शिक्र्यासारखा, घरटं बांधत नाही, त्याची मादी सातभायांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. उन्हाळ्यात तो बोलू लागतो, पावसाच्या तोंडावर त्याला जोर चढतो, चांदण्या रात्रीही थांबत नाही. तीन सुरांची तान, दर वेळी थोडी वर चढत जाणारी, आणि शेवटी एकदम तुटणारी. एवढंच. बाकी सगळं आपल्या कानातलं.

हे मला इथे कळलं नाही. माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात गेली. त्या बाजूला आणि पुढे मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं वसली आहेत. भातशेती, दारात पुकुर म्हणजे तळं, प्रत्येक घरामागे केळी. शाळेतले माझे एक सहकारी त्यातल्याच एका गावचे. मे महिन्यातल्या एका रात्री आम्ही दोघं अंगणात खाटा टाकून पडलो होतो आणि पावशा सुरू झाला. मी सहज म्हटलं, "ऐका, पेरते व्हा म्हणतोय." ते उठून बसले. म्हणाले, "छे, तो रडतोय. चोख गेलो, चोख गेलो." डोळा गेला, माझा डोळा गेला. त्यांच्या आजीनं त्यांना लहानपणी तसंच ऐकवलं होतं. आजीनं नदीकाठचं घर सोडताना मागे वळून पाहिलं होतं, तेव्हाही तो ओरडत होता म्हणे.

त्या रात्री मी खूप प्रयत्न केला. 'चोख गेलो' ऐकायचंच असं ठरवून कान दिला. आणि काही वेळानं खरोखर तेच ऐकू येऊ लागलं. अंगावर काटा आला. पुन्हा 'पेरते व्हा' वर यायला मला बरीच मिनिटं लागली. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो, माझा प्रियकर कुठे आहे म्हणून. उन्हाळ्यानं तापून गेलेल्या इंग्रज साहेबांना तो 'ब्रेनफिव्हर, ब्रेनफिव्हर' ओरडताना ऐकू आला आणि त्यांनी पक्ष्याला नावच ते देऊन टाकलं. एक पाखरू, तीन सूर. कुणाला त्यात पेरणी, कुणाला विरह, कुणाला गेलेला डोळा, कुणाला ताप.

गावात परत आल्यावर हे मी माझ्या बालमित्राला सांगितलं. त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेला गेले होते, अर्ध्याच्या वर वाट पायी. त्या घरात तेव्हापासून घागर नाही, पितर नाही, नवस नाही. मी विचारलं, तुला काय ऐकू येतं? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, पेरते व्हाच येते. आज्यानं देव सोडले, पन वावर आनि बोली तेच राह्यली ना." त्याचं हे बोलणं माझ्या मनात रुतून बसलं आहे. श्रद्धा कुठे राहते असं विचारलं की आपण देवघराकडे बोट दाखवतो. पण तिचा मोठा भाग बोलीत असतो, हातातल्या कामात असतो, आणि तो आपण कधी निवडलेला नसतो.

आता बाबांचं लिहायला हवं. टाळत आलो आहे.

मी डी.एड.ला होतो त्या वर्षीची गोष्ट. मृगाचा पहिला शिडकावा झाला, पावशा दोन दिवस थांबेना, आणि बाबांनी सरकी टोबली. सगळी सहा एकर. शेजारी म्हणत होते थांबा. बाबा म्हणाले, "त्यानं हाक देल्ली, आता थांबनं म्हंजे त्याचा अपमान." नंतर बावीस दिवस पाऊस नाही. कोंब वर आले आणि करपून गेले. दुबार पेरणीला मायच्या गळ्यातली पोत गेली. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला मात्र जात राहिले. तुकडोजी महाराजांचे जुने गुरुदेव सेवक होते ते. मला त्या वयात त्यांच्या त्या प्रार्थनेचाही राग आला होता. एवढं होऊन हा माणूस डोळे मिटून कसा बसू शकतो?

त्यानंतर मी एक वही केली. पावशा कधी बोलला, पाऊस कधी आला. पुढची सोळा वर्षं. एखाद्या वर्षी तो बोलला आणि खंड पडला की तारखेसकट लिहायचो आणि मायला वाचून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची. एका दिवाळीत सफाई करताना ती वही मी सलग वाचली आणि मलाच धक्का बसला. सोळा वर्षांपैकी नोंदी सातच वर्षांच्या होत्या. सातही चुकलेल्या. उरलेल्या नऊ वर्षांत काय झालं होतं ते मी लिहिलंच नव्हतं. बाबांना त्या तीन सुरांत आज्ञा ऐकू आली, मला फक्त फसवणूक ऐकू आली. आम्ही दोघांनीही पाखराचं पुरतं ऐकलं नव्हतं.

भेंडवळलाही मी एकदा गेलो आहे, वही घेऊनच. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड, कुरडई, पानसुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून सांगतात. गर्दी एवढी की मला घट दिसलाही नाही. पण परतीच्या जीपमधलं बोलणं मी अजून विसरलो नाही. सगळ्यांनी एकच निवेदन ऐकलं होतं. तूरवाल्याला तूर चांगली सांगितली असं वाटत होतं, कपाशीवाल्याला कपाशी. 'मोघम' या एका शब्दावर दोघं खामगाव येईपर्यंत भांडले. एकाला त्यात 'बरं' ऐकू आलं होतं, एकाला 'वाईट'. मात्र उतरताना प्रत्येक जण बियाण्याचं, खताचं, उसनवारीचं बोलत होता. वर्षाची सुरुवात झाली होती. हे बळ त्या मांडणीतून आलं की एवढी माणसं एका बांधावर रात्र काढतात त्यातून आलं, ते मला वेगळं काढता येत नाही. पावसाचा अंदाज म्हणून मी ते धरणार नाही. पण ते हिणवणंही मी सोडून दिलं आहे.

आणि एक गोष्ट, जी घडली नसती तर मी आजही जुन्याच वहीत अडकून राहिलो असतो.

दहाएक वर्षांपूर्वी पुतण्याला साप चावला. पोरगं बारा वर्षांचं. तिन्हीसांजेला गंजीतून कडबा ओढताना. कुणी म्हणालं घोणस, कुणी म्हणालं मण्यार. गावातले दोघं-तिघं मांत्रिकाकडे न्यायला निघाले. मी जीप आडवी घातली, ग्रामीण रुग्णालयाकडे नेलं. पोराच्या अंगाला दरदरून घाम, श्वास वरच्या वर, जीभ जड, बोटं बधिर झाली म्हणत होता. माय त्याच्या डोक्याशी बसली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून शेगावचा अंगारा काढून त्याच्या कपाळाला लावला. मी ओरडणार होतो, पण ओरडलो नाही.

डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं हलवायची नाही. रक्त गोठलं तर बरं. पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष, मग लगेच सर्पविषाची लस. मण्यारीचं यात कळत नाही, म्हणून पापण्या जड होतात का ते वेगळं पाहत होते. ती वीस मिनिटं. मी नळीकडे पाहत होतो. माय पोराच्या कपाळावर हात ठेवून पुटपुटत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा श्वास उतरत गेला, बोटं हलू लागली, त्यानं पाणी मागितलं. डॉक्टरांनी नळी तिरपी केली. रक्त गोठलं होतं. तरी रात्रभर ठेवून घेतलं, पुन्हा तपासलं. साप बिनविषारी असावा, चावा वरवरचा होता.

म्हणजे तो घाम, ती जड जीभ, ती बधिर बोटं 'मण्यार' या एका शब्दानं आणली होती, आणि आजीच्या हातानं ती परत नेली. दोन्ही माझ्यासमोर झालं. पण त्या नळीतल्या रक्ताला अंगारा माहीत नव्हता आणि माझं विज्ञानाचं पाठांतरही माहीत नव्हतं. घोणस असती तर ते पातळच राहिलं असतं. श्वासापर्यंत विश्वास पोचतो, खूप आत पोचतो, आणि एका जागी त्याची हद्द संपते. त्या हद्दीशी आलं की जीप रुग्णालयाकडेच वळली पाहिजे. याबाबतीत मी आजही कुणाचं ऐकणार नाही.

परत येताना मायनं मला एकच विचारलं होतं, "नळी कायले पाह्यत होता, पोराकडे पाह्यचं ना." मी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, दोघंही पाहत होतो हे बरं झालं.

आज संध्याकाळी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करून ठेवली आहे. मायसमोरच.

१७ जून, दुपार

काल रात्री पाऊस आला. गडगडाट नाही, वारा नाही, नुसता लागून राहिला. अंगणात मी सरळ भिंतीचा डबा ठेवतो आणि फूटपट्टीनं मोजतो. ३८ मिलिमीटर. ७५ ते १०० झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि आमच्या वावरात टिकाव खणून पाहिलं तर ओल जेमतेम चार बोटं. खाली फुफाटाच.

गल्लीत ट्रॅक्टर सुरू झाले. मायला ते ऐकू आले. म्हणाली, "निघाले सारे. आपन?"

"आपण अजून नाही, माय." आणि मग मी घाबरतच म्हटलं, "तू म्हणशील पावशा बोलला म्हणून..."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बोललाच ना. पेरते व्हा म्हनला. 'पेरा' कोठी म्हनला?"

मला कळेना.

"व्हा म्हंजे तयार व्हा. बी काढा, तिफन पाहा, अवजार सुधरा. कवा पेराचं ते वावर सांगते, तो कायले सांगन? तुह्या बापालेबी मी हेच म्हनलं होतं त्या साली. त्याले हाकच आयकू आली निस्ती."

बाबांना तिनं हे सांगितलं होतं, ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला त्या वहीतून वाचून दाखवत होतो.

गोणपाट उलगडलं. तिला डोळ्यांनीही आता बारीक दिसत नाही. तिनं एकेका दाण्यावरून बोट फिरवलं, कोंब लागला की बाजूला सरकवला. मी मध्ये बोललो नाही. ७८ निघाले. सत्तरच्या वर म्हणजे घरचं बियाणं चालेल, एकरी तीस किलोच लागेल, वाढवायला नको.

वहीत आजपासून तिसरा रकाना आखला आहे. पावशा: पहाटे सव्वाचार, कडुनिंब. पाऊस: ३८. माय: थांबा म्हणते.