पेडण्यातला होमस्टे आणि पोर्टरचे पाच फोर्सेस
आज पेडण्याला भावोजींच्या होमस्टेवर बसून त्यांच्या धंद्याचं अ‍ॅनालिसिस केलं, म्हणजे मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये मांडलेले ते फाइव्ह फोर्सेस, धंद्यावर दबाव आणणाऱ्या पाच गोष्टी: आत्ताचे स्पर्धक, नवे येणारे, पर्याय, गिऱ्हाईक आणि पुरवठादार, एमबीएवाल्यांचं आवडतं पाठांतर. भावोजींच्या मते कॉम्पिटिशन काय तर पलीकडच्या वाड्यावरचा होमस्टे, बस्स. मी म्हटलं अहो, गिऱ्हाईक खोली नाही शोधत, सुट्टी कुठे घालवायची ते शोधतंय, म्हणजे तेरेखोल नदीपलीकडचं, महाराष्ट्रातलं शिरोडा पण तुमचं स्पर्धक आणि थायलंड पण, त्यांनी तर २०२३ च्या शेवटी भारतीयांना व्हिसाच माफ केला! बरं, जानेवारी २०२३ पासून इथल्याच मोपा विमानतळावर विमानं उतरायला लागली, पाहुणा दाराशी आला खरा, पण वेंगुर्ल्याला जाणाराही तिथेच उतरतो ना. इथे भावोजींनी सोलकढीचा ग्लास खाली ठेवला आणि स्वतःच हिशेब मांडायला लागले, बुकिंग अ‍ॅपचं कमिशन, टॅक्सीचं भाडं, पावसाळ्यातल्या रिकाम्या खोल्या. मला विचाराल तर खरी बार्गेनिंग पॉवर, म्हणजे आपल्या अटी मान्य करून घ्यायची ताकद, त्या अ‍ॅपकडेच आहे, शेजारी बिचारा उगाच बदनाम. ताई मात्र आतून ओरडली, आधी ते वायफाय नीट करा, रिव्ह्यूत सगळे तेच लिहितात.