आधी बेड, मग बेत: डायलिसिस सांभाळून गणपतीपुळे

माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास. तीन वर्षांत डोंबिवलीबाहेर मुक्काम केला नव्हता. या एप्रिलमध्ये ही म्हणाली, "देवाला तरी जाऊन येऊ."

राहायची जागा सगळ्यात शेवटी बघितली. तीन आठवडे आधी रत्नागिरीतल्या एका सेंटरला फोन करून बुधवार सकाळचा बेड पक्का केला. त्यांना डॉक्टरांचं पत्र, शेवटच्या तीन डायलिसिसचे कागद, ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन), हिपॅरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीचे महिन्याच्या आतले रिपोर्ट हवे होते. माझे दोन महिन्यांचे निघाले, पुन्हा रक्त दिलं. मग सोमवारचं डायलिसिस उरकून मंगळवारी ठाण्याहून गाडी, गुरुवारी परत. शनिवार-रविवारचा मोठा खंड प्रवासात घालवू नका. उपचारासाठीच्या प्रवासात किडनीच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे सवलत देते, पण त्याला ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही देवदर्शनाला निघालेलो, तेव्हा पूर्ण तिकीट काढलं. बॅगा हिच्याकडे, फिस्तुल्याच्या (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताने मी पिशवीसुद्धा उचलत नाही.

मंगळवारी संध्याकाळी दर्शन झालं. डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, मी दोनदा बसून पुरी केली.

खरी परीक्षा उकाड्याची. मला दिवसाला पाऊण लिटर पाणी, चहा-आमटीसकट. सकाळी तेवढी बाटली भरतो. कपभर चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकतो. बर्फाचा खडाही पाण्यातच धरायचा. त्यात घरमालकीणबाई शहाळं घेऊन दारात! "घरच्या माडाचं आहे, नको कसं म्हणता?" शहाळ्यातलं पोटॅशियम आमच्या हृदयाला झेपत नाही हे सांगितलं, तर त्या बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त हिरमुसल्या. शेवटी हिने दोन प्यायली.

बुधवारी पहाटे आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. समुद्र डोळे भरून बघितला, तेवढं पोटॅशियम-फ्री! सेंटरवर मात्र फसलो. तिथल्या काट्यावर माझं वजन आमच्या सेंटरच्या काट्यापेक्षा ९०० ग्रॅम जास्त भरत होतं. मी बोललो नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढं पाणी जादा ओढलं गेलं. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे आले की ओरडलोच, बीपी उतरलं. टेक्निशियनने पाणी काढणं थांबवून सलाइन सोडलं, तेव्हा निवळलं. घरचा छोटा काटा सोबत न्या. सेंटरवरून निघाल्यावर आणि नव्या ठिकाणी पोचल्यावर त्यावरच उभे राहा, आणि किती वाढलं ते सुई टोचायच्या आधी सांगा. ती दुपार मी खोलीत आडवा. त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका.

शुक्रवारी परत आपल्या सेंटरच्या काट्यावर वजन दोन किलो तीनशे ग्रॅम वाढलेलं. सिस्टरने आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सोलकढी?"

"अर्धी वाटी."

"आणि?"

"...मोदक."


"मोदकाने इतकं वाढत नाही," म्हणत तिने सुई उघडली.