चट्टे त्वचेवर, कारण आतड्यात

सांगलीत पोटविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करताना जत तालुक्यातील एक तरुण शेतकरी स्त्री माझ्याकडे आली. तिच्या तोंडाभोवती, नाकपुड्यांशी आणि जांघेत सालपटे सुटलेले लाल चट्टे होते, केस मुठीने गळत होते आणि बुरशीवरच्या मलमांनी काहीच फरक पडला नव्हता. नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिला कशाचीच चव लागंना झालीय." चव जाणे आणि असे चट्टे एकत्र दिसले, की झिंकची (जस्ताची) कमतरता आठवावीच लागते.

तिला क्रोहनचा आजार, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार होता, लहान आतड्याचा काही भाग पूर्वी काढलेला होता आणि कित्येक महिने जुलाब थांबलेले नव्हते. झिंक शोषले जाते ते लहान आतड्यातच, आणि जुलाबांतून ते सतत वाहूनही जाते. शिवाय सुजलेल्या आतड्यात जमलेल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड हे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रूप सोडत असतात. ते निकामी करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमच्या एका प्रकाराला तांबे आणि झिंक लागतात, तर पुढच्या टप्प्यातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमला सेलेनियम. म्हणजे ज्याला या खनिजांची गरज जास्त, त्याच्याच शरीरातून ती गळून जातात, आणि हे मला आजही फार अन्यायाचे वाटते.

रक्ताचा नमुना खनिजविरहित नळीतच घ्यावा, असा मी आग्रह धरला. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक मिसळते आणि लाल पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो. अहवालात झिंक बरेच कमी आले. मात्र दाह असताना आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घटलेले असताना रक्तातील झिंक तसेही उतरते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर मी विसंबलो नाही. झिंकवर चालणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही खालावलेले होते, आणि त्याने माझी खात्री पटवली.

झिंक सुरू केल्यावर काही दिवसांतच चट्टे सुकू लागले. जुलाब मात्र त्याने थांबले नाहीत, कारण झिंक हा क्रोहनवरचा उपचार नव्हे. त्यासाठी दाहावरची औषधे वाढवावी लागली. ज्वारीतील फायटेट हा घटक झिंकला बांधून ठेवतो, म्हणून गोळी भाकरीसोबत न घेता दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घेण्यास सांगितले. झिंक फार काळ जास्त मात्रेत दिल्यास तांब्याचे शोषण अडते, म्हणून पुढच्या प्रत्येक तपासणीत तिचे तांबेही पाहण्याची नोंद मी कागदावर केली.