ताडपत्रीची शिलाई आणि दशांश

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, रात्री

आज उपासनेला एकवीस जण होते. थैलीत ६४० रुपये जमले. खजिनदारांनी दोनदा मोजले आणि वही सहीसाठी माझ्यापुढे सरकवली.

आमची ख्रिस्ती मंडळी अंबड तालुक्यातली, चौतीस घरांची; मी तिचा पाळक. कुणाची दोन-तीन एकर कोरडवाहू, कुणी दुसऱ्याच्या रानात मजुरीला, आणि दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला. त्यामुळं आमच्या अर्पणाच्या वहीलाही हंगाम असतो. दिवाळीनंतर आकडा घसरतो, पाडव्याच्या सुमारास कोयते परतले की सावरतो. यंदा तो आधीच घसरला. सप्टेंबरातल्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात बसवलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. हमीभाव क्विंटलला ५,३२८ जाहीर झालाय, पण काळ्या पडलेल्या दाण्याला तो कोण देणार? अशा महिन्यात दशांश, म्हणजे कमाईतला प्रभूचा दहावा भाग, काढायचा तो कशाचा?

माझं मानधन महिना ९,००० ठरलेलं आहे. गेल्या दोन महिन्यांत मिळून ७,००० आले. याच दोन महिन्यांत माझ्या शिलाई मशीनवर मात्र एकोणीस हजारांचं काम झालं. कुणाला गंजीवर टाकायला ताडपत्री हवी होती, कुणाला गळक्या पत्र्यावर. कडा दुमडून शिवणं, दोन तुकडे जोडणं, कड्या बसवणं, फाटलेल्याला ठिगळ लावणं. ज्या पावसानं माझ्या माणसांचं पीक नेलं, त्याच पावसानं मला काम दिलं. हे आज त्या ६४० रुपयांसमोर बसल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं.

उपासना सुटल्यावर एका पंचांनी बाजूला घेऊन विचारलं, "पाळकसाहेब, रागावू नका, पण लोकं विचारायलेत. तुम्ही पाळक का टेलर?" त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. खरंच विचारत होते. मी "बुधवारी मिटिंगमध्ये बोलू" म्हणालो आणि घरी आलो. जेवण गोड लागलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

उत्तर लिहून काढतो, म्हणजे बुधवारी अडखळणार नाही.

मशीन घेतली तीन वर्षांपूर्वी, जुनी, १४,५०० ला. त्याआधीची गोष्ट मंडळीत कुणाला ठाऊक नाही. थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी मंडळीतल्याच एका बऱ्या परिस्थितीतल्या भावाकडून चाळीस हजार उसने घेतले होते. त्यानं व्याज मागितलं नाही, तगादा लावला नाही. पण त्याच वर्षी त्यानं धाकट्या भावाच्या वाटणीचा बांध कोरला. धाकट्याची बायको माझ्याकडं रडत आली, आणि मी तिला "प्रार्थना करू" एवढंच म्हणालो. थोरल्याच्या घरी जाऊन बोलणं माझं काम होतं. मी सहा महिने गेलो नाही. वेदीवरून न्यायावर उपदेश करायची वेळ आली की दुसरा उतारा निवडायचो. कर्ज फिटल्यावर गेलो, बोललो. तोवर दोघा भावांचं बोलणं कायमचं तुटलं होतं.

मशीन घेतली ती यामुळं. पोटासाठी घेतलीच, नाही म्हणत नाही. पण उपाशी राहण्यापेक्षा गप्प राहावं लागतं याची मला जास्त भीती वाटते.

दुसरी बाजूही लिहायला हवी. मागच्या मार्चमध्ये एका आजीच्या घरून दुपारी निरोप आला, पाळकसाहेबांना बोलवा. मशीनवर ट्रकची मोठी ताडपत्री पसरलेली होती आणि पाचला गाडी निघणार होती. मी काम संपवून सहाला गेलो. आजी तोवर शुद्धीवर नव्हत्या. रात्री गेल्या. घरच्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. प्रभुभोजन हवं होतं की नुसता हात हातात हवा होता, मला कधीच कळणार नाही. त्या दिवशी मी टेलर होतो, पाळक नव्हतो. पंचांच्या प्रश्नातला हा अर्धा भाग खरा आहे.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचं उदाहरण सगळेच देतात, मीही देत आलो. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो राहुट्या करायचा. काल रात्री पुन्हा वाचलं तेव्हा दोन गोष्टींकडं लक्ष गेलं. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले, तेव्हा त्यानं सगळा वेळ वचनाला दिला. आणि करिंथकरांवर भार नको म्हणणाऱ्या याच माणसानं फिलिप्पैच्या मंडळीची मदत मात्र घेतली. शिवाय करिंथकरांच्याच पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, तो मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये हा नियमशास्त्राचा दाखला देतो आणि सुवार्ता सांगणाऱ्याचा पोटापाण्याचा हक्क ठासून मांडतो. हक्क आहे म्हणाला, आणि तिथं तो वापरला नाही. म्हणजे कुठं घ्यायचं, कुठं नाही, हे तो त्या त्या मंडळीकडं बघून ठरवत होता. आपण त्यातला सोयीचा तेवढा अर्धा अध्याय वाचतो. मंडळ्या राहुट्यांचा वाचतात, पाळक बैलाचा.

मिशनरी विल्यम कॅरी बंगालमध्ये आल्यावर काही वर्षं निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होते. पुढं फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठी शिकवायचे, आणि पगारातला मोठा वाटा बंगालातल्याच श्रीरामपूरच्या मिशनच्या कामात जायचा. १८०५ चं त्यांचं मराठी व्याकरण त्या नोकरीच्या काळातलं. उलट आपले रेव्हरंड ना. वा. टिळक. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगारही सुटला. दोघांचंही मला पटतं. पण दोघांनी जे केलं ते सगळ्यांना दिसेल असं केलं. मी माझं कर्ज लपवलं, आणि मशीनचा हिशोबही आजवर कुणाला दाखवला नाही.

लपवण्याचा आणखी एक प्रकार माझ्याकडून नकळत झालाय. मंडळीचं अर्पण आणि शिलाईचे पैसे माझ्या एकाच मोबाईलवर, एकाच खात्यात येतात. परवा फोनपेवर ५०० आले. पाठवणाऱ्याची ताडपत्री मी शिवली होती आणि त्याचा दशांशही राहिला होता. कशाचे पाचशे? विचारायला लाज वाटली, म्हणून शिलाईचे धरले. हे लिहितानाही हात थांबतोय.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मिटिंग अडीच तास चालली. कर्जाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. आजीची गोष्ट त्यांना माहीत होती, तीही पुन्हा सांगितली. मशीनची वही टेबलावर ठेवली. खजिनदारांनी पानं उलटली आणि म्हणाले, "इतकं काम करता आणि आम्हाला वाटायचं वरून काही मदत येती तुम्हाला." आमची मंडळी कुठल्या मोठ्या मिशनखाली नाही. वरून काहीच येत नाही. हे मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

ठरलं ते असं. मंडळीचं खातं ट्रस्टच्या नावानं, त्याचा क्यूआर कोड प्रार्थनालयाच्या दारात लागणार, माझ्या मोबाईलवर अर्पण येणार नाही. मशीन दुपारी एक ते पाच, आणि आजाऱ्याचा निरोप आला तर अर्ध्या टाक्यावर सोडायची. विम्याची पॉलिसी, गुंतवणूक, साखळी पद्धतीनं विकायची औषधं असलं काही मी मंडळीत कधीच विकणार नाही, हे मीच लिहून दिलं. पाळकानं "चांगलं आहे" म्हटलं की आमच्या मावश्या गळ्यातली पोत मोडून पैसे भरतील. ठिगळ बरोबर बसलंय की नाही, हे मात्र त्यांना स्वतःला दिसतं.

एका तरुण पंचानं म्हातारपणाचं काय म्हणून विचारलं. मला सत्तेचाळीस लागलंय. अटल पेन्शनमध्ये चाळिशीच्या आत नाव घालावं लागतं, ती वेळ गेली. पोस्टात पीपीएफ उघडायचं ठरवलं, पंधरा वर्षांची मुदत, वर्षाला किमान ५०० तरी भरायचे, बाकी शिलाईतून जमेल तसे. ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा पन्नाशीच्या आत घेता येतो आणि २० रुपयांचा अपघात विमाही आहे, दोन्हीचे फॉर्म उद्याच बँकेत देतो. वेदीवर उभं राहून "उद्याची चिंता करू नका" सांगताना मी बायकोच्या उद्याचाही विचार केला नव्हता. ती मिटिंगला नव्हती. रात्री सगळं सांगितलं, तर म्हणाली, "कर्जाचं मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही त्या वाड्याकडून जायचं टाळायचात."

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. उद्या पहाटे ऊसतोडीच्या गाड्या निघणार. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, टाकायच्या ताडपत्र्यांचं काम सकाळपासून चालू होतं. पावसाच्या नुकसानीमुळं मंडळीतल्या घरांकडून शिलाई घ्यायची नाही, फक्त दोरा आणि कड्यांचे पैसे घ्यायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं.

संध्याकाळी एक मावशी आली. साठीच्या पुढची, सुनेचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून यंदा लेकासोबत कोयत्याची जोड पुरी करायला स्वतः निघालीय. ताडपत्रीला दोन ठिगळं लावली, चार कड्या बसवल्या. मी चाळीस रुपये सांगितले.

"दुसऱ्याकडून किती घेता?"

"एकशे वीस."

तिनं कमरेचा बटवा सोडला, एकशे वीस मोजून मशीनवर ठेवले. मी ऐंशी परत करायला लागलो तर हात धरला. "काहून? फुकट शिवून घेतली तर मला पुढच्या खेपंला तुमच्यापाशी यायची लाज वाटंल, पाळकसाहेब." मग बटव्यातून वेगळी गुंडाळलेली वीसची नोट काढली. उचल मिळाली त्या दिवशीच बाजूला ठेवलेली, म्हणाली. "ही प्रभूची. ही तुमच्या मशीनवर नाई ठेवायची."

प्रार्थनालय बंद होतं. मी किल्ली घेतली, दोघं चालत गेलो. तिनं नोट थैलीत टाकली, मी वहीत तारीख आणि रक्कम लिहिली. मग ताडपत्रीची वळकटी मी खांद्यावर घेतली आणि तिला घरापर्यंत सोडून आलो. पहाटे चारला गाडी आहे. प्रार्थना करायला जायचंय, गजर लावला.